मांडणीवरचा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला तेव्हा मामा खोकत होते. पंख्याची चढत गेलेली शिट्टी एकदम तुटली, पडदा काळा झाला, आणि खोलीत फक्त मामांचा खोकला उरला. तो बराच वेळ चालला. शेवटी दिवाणावर उठून बसत त्यांनी तोंडावरचा टॉवेल काढला आणि विचारलं, "मेलं व्हय?"

"मेलं," संग्रामदादा म्हणाला. "सकाळपासनं चाललेलं गणित होतं, आबा. संपत आलतं."

"मग आता?"

"आता ही शास्त्रज्ञ बघंल की. एवढी शिकलीय ती कशाला?"

मी त्या मे महिन्यात एम.एस्सी.ची परीक्षा देऊन मामांकडे आले होते. फिजिक्स शिकलेल्या माणसाला मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, असा आमच्या घरात ठाम समज होता. संग्रामदादाचा तर फारच.

कोल्हापूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत मामांची शेड होती. आसपासच्या फौंड्रींमधून ओतलेले लोखंडी भाग काळेकुट्ट होऊन तिथे यायचे. बंद खोलीत दाबाच्या हवेनं त्यांच्यावर वाळूचा मारा केला की ते राखाडी, स्वच्छ होऊन बाहेर पडायचे. या कामाला सगळे 'वाळू मारणं' म्हणत. मामांनी तरुणपणापासून स्वतःच्या हातांनी वाळू मारली होती. माणसं ठेवली ती नंतर. शेडला लागून ऑफिसची खोली होती. तिथे एका बाजूला दादाचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला मामांचा दिवाण होता. खोकला जडल्यापासून मामा काम करत नव्हते, पण घरी पडून राहणंही त्यांना जमत नव्हतं. सकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि दुपारी ऑफिसात येऊन आडवे व्हायचे.

टीबीच्या औषधांचा एक कोर्स संपून दुसरा चालू होता. आल्या दिवशीच शालनमामी मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणाल्या होत्या, "गोळ्या बदलल्या, खोकला त्योच. वजन बग कसं उतरलंय. डॉक्टर म्हंत्यात धीर धरा. माझा धीर संपत आलाय, रूपा."

खोकल्याचं मला काही सुचण्यासारखं नव्हतं. कॉम्प्युटरचं मात्र सुचण्यासारखं होतं.

दादाला शेडमध्ये आयुष्य काढायचं नव्हतं. साच्यात ओतलेला धातू कुठे आधी थंड होतो, कुठे मागाहून, आणि त्यामुळे आत पोकळी कुठे राहते, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून तो लहान फौंड्रींना देणार होता. एकेका भागाचं गणित तास न् तास चालायचं. तेवढ्यात यंत्र तापायचं आणि जळू नये म्हणून आपणहून बंद व्हायचं. मी पत्र्याचा डबा उघडला. आत तारांचं जंजाळ होतं, मागे एकुलता एक पंखा होता, आणि गरम हवेला बाहेर जायला धड वाट नव्हती.

"हवा आत येतेय तेवढीच फिरतेय," मी म्हणाले. "कोंडून ठेवलंय तुम्ही याला."

"म्हंजे माझ्यावानीच," मामा दिवाणावरून म्हणाले आणि हसले. हसण्याचा पुन्हा खोकला झाला.

डबाच नको, असं मी ठरवलं. सगळे भाग उघड्यावर मांडायचे, उभे, एकमेकांपासून लांब. गरम हवा आपोआप वर जाते. तिच्या वाटेत काही येऊ द्यायचं नाही आणि खालून गार हवा ढकलायची. यासाठी मला सांगाडा हवा होता. तो मामींच्या माळ्यावर सापडला. भिंतीवर टांगायची जुनी स्टीलची मांडणी होती ती.

"नवी घेतल्यापासनं पडूनच हाय," मामी म्हणाल्या. "पण वाटीभर कायतरी परत दे बाई तिच्या बदल्यात. रिकामी मांडणी घराबाहेर देऊ नये."

"मामी, माझा निकाल लागू दे. पेढेच देते."

दोन दिवस आम्ही तेच केलं. स्टीलमधून वीज जाते, म्हणून मधल्या कप्प्यावर प्लायवूड बसवलं आणि त्यावर छोट्या पितळी खुंट्यांवर मुख्य बोर्ड उभा केला. ताटं उभी ठेवायच्या खाचांत ग्राफिक्स कार्ड असं बसलं की जणू ती खाच त्याच्यासाठीच वाकवली होती. चमच्यांच्या जाळीत हार्ड डिस्क गेली. खालच्या कप्प्यात वीतभर रुंदीचे तीन पंखे वर तोंड करून बांधले, आणि वर, जिथे पेले टांगतात तिथे, गरम हवा ओढून घेणारा एक. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता हवेत सोडणारी ॲल्युमिनियमची पंखदार जाळी काढून पुसली, उष्णता पोचवणारी नवी पेस्ट लावून परत बसवली. सांगाड्याला अर्थिंगची तार जोडली. मग दादानं बटण दाबलं.

जिथे आधी तापमान नव्वदीला टेकायचं, तिथे आता ते साठीच्या जरा वर जाऊन थांबलं. थांबलं म्हणजे थांबलंच. दादानं मला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं.

"मालक, ह्यात जेवायचं कसलं?" मल्लूनं दारातून विचारलं. मल्लाप्पा हा मामांचा सगळ्यात जुना माणूस. तो अजून वाळू मारायचा. डोळ्यांच्या कडांपर्यंत पांढरा झालेला होता, भुवया तर पिठात बुडवल्यासारख्या.

"तू आंघोळ करून ये, मग वाढतो," मामा म्हणाले.

पण आंघोळीआधी एक गोष्ट व्हायची, आणि ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. काम सुटलं की कॉम्प्रेसरला जोडलेला हवेचा पाइप घेऊन माणसं अंगावरची वाळू उडवायची. त्यात एक रीत होती. पहिली हवा मालकाची. मालक वाळू मारत होते तेव्हापासूनची ती रीत होती आणि मालक आजारी पडले म्हणून मल्लूनं ती मोडली नव्हती. मामांना उठून शेडमध्ये यायचा त्रास नको म्हणून तो पाइप खिडकीतून ऑफिसात घ्यायचा. मामा दिवाणाजवळ हात पसरून उभे राहायचे. मल्लू त्यांच्या खांद्यांवरून, पाठीवरून, पायजम्याच्या घड्यांवरून हवा फिरवायचा. सकाळभर शेडमध्ये बसून कपड्यांत जमलेलं सगळं भुर्रकन उडायचं. मग एकेकजण आत येऊन हवा मारून घ्यायचा आणि सगळे तिथेच चहा प्यायचे.

"ताई, या. पाव्हण्यांचा बी मान असतोय," मल्लू म्हणाला.

थंड, जोरदार हवा अंगावर आली. खरं सांगायचं तर छान वाटलं.

"आणि आपलं हे नवं पावणं?" मल्लूनं पाइप मांडणीकडे वळवला.

"ए! तिकडं न्हाय हां न्यायचा!" दादा ओरडला. "पंखं मोडतील!"

"ऱ्हायलं. गरीब हाय ते, नवीन हाय," मल्लू म्हणाला, आणि सगळे हसले.

दोन-तीन दिवसांत तापमान वाढायला लागलं.

आधी मला वाटलं, ऊन वाढलंय. पण खोलीतला थर्मामीटर तसं म्हणत नव्हता. मग वाटलं, पेस्ट नीट बसली नाही. काढून पुन्हा लावली. दोन अंश उतरले आणि पुन्हा चढले. वरचा पंखा उलट फिरवून पाहिला. खालचा एक बदलला. आठवडा होईतो आकडा ऐंशीपर्यंत गेला आणि दादा पुन्हा टेबलावर मुठी आपटू लागला.

"उघडं ठिवून काय उपेग?" तो म्हणाला. "डब्यातच बरं होतं की."

तापमानाची नोंद ठेवणारं एक साधं सॉफ्टवेअर मी पहिल्याच दिवशी चढवलं होतं. त्याचा आलेख मी आता उघडला. चढ असेल तर तो तिरपा असेल, असं धरून चालले होते, कारण बिघाड हळूहळू होतात. आलेख तिरपा नव्हता. जिना होता. दिवसभर सपाट रेघ, मग एक पायरी, पुन्हा दिवसभर सपाट. प्रत्येक पायरी काम सुटायच्या वेळेची.

मी यंत्र बंद केलं आणि प्रोसेसरवरची जाळी सोडवली. पंखांमधल्या बारीक फटी बुजल्या होत्या. आठ दिवसांपूर्वी मी स्वतः पुसलेल्या ॲल्युमिनियमवर आता फिकट राखाडी, जवळजवळ पांढरा थर होता, घोंगडीसारखा दाबून बसलेला. बोटावर घेतला. इतका मऊ की टाल्कम पावडर वाटावी.

तिथली माती तांबडी किंवा काळी असते. बेसाल्टची. रस्त्याची धूळ असती तर तिला तो रंग असता. जुन्या फोटोफ्रेमची काच टेबलाच्या खणात होती. तिचे दोन तुकडे घेऊन मी मधे चिमूटभर पूड ठेवली आणि घासली. काच करकरली. तुकडे उजेडात धरले तर दोन्हींवर ओरखडे होते. ती मऊ पावडर काचेपेक्षा कठीण होती. पांढरं आणि काचेला एवढ्या सहज कापणारं खनिज म्हणजे गारेचं, क्वार्ट्झ; आसपासच्या दगडात ते नावापुरतंच सापडतं. शेडमध्ये मात्र ते पोत्यांनी यायचं, कोकणातून, पांढरी वाळू म्हणून. लोखंडावर आपटून तिचा भुगा व्हायचा.

मी हे अजून दादाच्या कॉम्प्युटरचं कोडं म्हणूनच सोडवत होते. कोडं सुटलंही होतं. त्या संध्याकाळी मी फक्त खात्री करायला थांबले, मांडणीचे पंखे तेवढे चालू ठेवून.

खोलीच्या पश्चिमेला, छताखाली, वीट काढून ठेवलेलं एक भोक होतं. संध्याकाळी त्यातून उन्हाचा कवडसा येऊन दिवाणावरून जायचा. काम सुटलं. मल्लू पाइप घेऊन आला. मामा हात पसरून उभे राहिले. हवा सुटली, आणि कवडसा एकदम भरीव झाला, तिथे जणू पांढरा वासाच आडवा टाकला होता.

माणसं आली, हवा मारून गेली, चहा आला. मी कवडशाकडे पाहत होते. जाडे कण पडून गेले. मग उरले ते पडत नव्हते. चहा संपला, कपबशा गेल्या, माणसं घरी गेली, तरी ते तिथेच होते. जागच्या जागी हलत, मांडणीच्या खालच्या पंख्यांकडे सावकाश सरकत. कवडशाबाहेर हवा अगदी स्वच्छ दिसत होती.

मामा त्या कवडशाच्या बरोबर खाली पडून होते. छाती वर येत होती, खाली जात होती.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही घरी चला."

"आताशी तर पडलोय."

"चला म्हणते ना! बाहेर चला!"

माझा आवाज ऐकून दादा धावत आला.

रात्रीच्या जेवणाआधी ओसरीवर मी सगळं सांगितलं. जाळी मधे ठेवली होती. मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ही आपली वाळू," ते म्हणाले. "मग? वाळूच्या शेडमंदी वाळू असणार. हळदीच्या गिरणीत हळद असतीया."

"हळद अंगात जिरून जाते, मामा. ही आत गेली की तिथंच राहते. टीबीच्या गोळ्यांनी ती निघत नाही. तुम्हाला टीबी आहे असं सांगणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही काय काम करता ते माहीत आहे का?"

मामांनी जाळी खाली ठेवली.

"तुम्ही काय सांगितलं त्यांना?" दादानं विचारलं.

"काय सांगायचं? शेती."

"आबा, आपली शेती वाट्यानं दिल्याला धा वर्सं झाली!"

"म्हून काय झालं? शेतकरी न्हाय का आपण? कुणी इचारलं तर शेतीच सांगायची असती. माझ्या बाबानं बी तेच सांगितलं, आन् त्यो तर गिरणीत होता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आयुष्य गेलं माझं वाळूत. तवा काय झालं न्हाय. आता काम सोडल्यावर होतंय व्हय? कालची पोर मला शिकवतीया."

"शिकवू द्या की," दारातून मामी म्हणाल्या. त्या कधीपासून उभ्या होत्या कुणाला कळलं नव्हतं. "तुमची ती शेती ठिवा बाजूला. उद्या शहरात जायाचं. मोठ्या डॉक्टरला दावायचं. न्हाय आला तर मी एकटी जाऊन तुमच्या नावानं सांगून येतो, ह्या माणसानं खोटं सांगितलं म्हून."

शहरातल्या छातीच्या डॉक्टर वयानं मोठ्या होत्या. केस पांढरे, बोलणं कमी. त्यांनी आधीचे रिपोर्ट चाळले, मामांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"काम काय करता?"

"शे..." मामा म्हणाले आणि थांबले. त्यांनी मामींकडे पाहिलं. मग मी रुमालात बांधून आणलेल्या जाळीकडे.

"वाळू मारतो," ते म्हणाले. "मारत होतो. हातानं. पोरगं जल्माला यायच्या आधीपासनं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. तोंडाला काय बांधायचात? टॉवेल. खोली बंद असायची? व्हय, वाळू वाया जाऊ नये म्हणून. त्यांनी छातीचा नवा फोटो काढायला लावला आणि तो उजेडाच्या पेटीवर लावून आम्हाला जवळ बोलावलं. काळ्या जागी जिथे काहीच असायला नको, तिथे दोन्हीकडे पांढरे बारीक ठिपके होते. वरच्या भागात ते एकमेकांना चिकटून ढग झाले होते.

"ही वाळू आहे," बाई म्हणाल्या. "सिलिकोसिस म्हणतात. अशा छातीत टीबीही लवकर शिरतो, म्हणून तुमच्या आधीच्या डॉक्टरांचं अगदीच चुकलं असं नाही. त्या गोळ्या बंद करू नका. पण नुसत्या टीबीनं एवढं झालेलं नाही."

"ह्याला औषद काय?" मामींनी विचारलं.

"झालंय ते उलटत नाही. दम कमी लागावा म्हणून देता येईल. आणि धुळीपासून आजपासून लांब. एक दिवसही नाही."

मामांनी मान हलवली. बाजारभाव ऐकावा तसं त्यांनी ते ऐकलं. मग विचारलं, "बाई, माझ्याकडं माणसं हायती. सहा-सात. काहीजण माझ्या बरोबरीनं लागल्यालं. ते खोकत न्हाईत अजून."

"खोकला उशिरा येतो. त्यांना घेऊन या."

संध्याकाळी मामा शेडमध्ये गेले. मल्लू पाइप घेऊन आला तेव्हा त्यांनी कॉम्प्रेसरचा कॉक स्वतः फिरवून बंद केला.

"आजपासनं कुणी हवा मारून घ्यायची न्हाय. शेडमंदी न्हाय, हापिसात न्हाय. ओल्या फडक्यानं पुसायचं."

"मग घरला असंच जायाचं व्हय, मालक?" मल्लू म्हणाला. "बायकू वळखायची न्हाय. दारातनंच परत पाठवंल."

"उद्या कामाला कुणी यायचं न्हाय. सगळ्यांनी फोटो काढायला जायचं. शहरात. खर्च माझा."

"फोटो? मग धुतल्यालं घालून येतो," मल्लू म्हणाला. "मालकांनी कुठं लगीन ठरीवलं काय आमचं?"

सगळे हसले. दादाही. "पैला फोटो संग्रामचा," मामा म्हणाले.

"माझा कशाला? मी तर नुसता कॉम्प्युटरवर बसतो."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दादाचं हसू हळूहळू उतरलं. मांडणीपासून त्याची खुर्ची हातभर अंतरावर होती. त्याआधी शाळेच्या प्रत्येक सुट्टीत तो शेडमध्ये पोती ओतत असे, हे मला मामींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बोळातल्या बाकावर सगळे दाटीनं बसले होते. मल्लूनं खरंच धुवट पांढरा सदरा घातला होता आणि केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मामांनी त्यांना येताना टेम्पोत सगळं सांगितलं होतं. माझ्या छातीत वाळू हाय, ती निघत न्हाय, तुमच्यात बी असंल. तेवढंच. 

दादा आत गेला. अर्धवट लोटलेल्या दारामागून फोटो काढणाऱ्याचा आवाज आला. "पोटभर श्वास घ्या. धरा." दाराशी उभ्या मामांनीही नकळत श्वास धरला. त्यांना तो धरता आला नाही. खोकला फुटला तसा त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "सोडा," आतला माणूस म्हणाला.

बाईंनी दादाचा फोटो पेटीवर लावला. शेजारी कालचा मामांचा अजून तसाच होता. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"परत बगा," मामा म्हणाले.

"स्वच्छ आहे, काका. वेळेवर आणलंत."

"व्हय. पण परत एकदा बगा."

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बोट फिरवत. "काही नाही," त्या म्हणाल्या. मामा हातातला टॉवेल घडी घालू लागले. तो घडी होईना. मामींनी तो काढून घेतला.

बाईंच्या खोलीचं दार सताड उघडं राहिलं होतं. बाकावरून दोन्ही फोटो समोरच दिसत होते. एक काळा, आणि त्याच्या शेजारी तो दुसरा. मल्लू दुसऱ्याकडे पाहत होता.

फोटो काढणारा बाहेर आला. "चला," तो म्हणाला, "पुढचं कोण?"

बाकावरून कोणी उठलं नाही.